शब्दचर्चा: ‘तरब’ला मराठीत काय म्हणावं?

कुवेतकरीण

कुवेतला सात वर्षं राहून नुकतीच परत आले आहे. तिथे आमच्या वरच्या मजल्यावर एक इजिप्शियन बाई राहायच्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांच्याकडे संध्याकाळी उम्म कुलसूम, म्हणजे इजिप्तची प्रसिद्ध गायिका, लागायची. एकेक गाणं तासभर चालायचं. आवाज लागण्याआधी कितीतरी वेळ नुसता वाद्यमेळ, मग एक ओळ, मग तीच ओळ पुन्हा, दर वेळी वेगळ्या वळणाने. त्या सांगायच्या, त्यांच्या लहानपणी महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरो रेडिओवर तिची मैफल असायची आणि त्या रात्री घरातली सगळी माणसं रेडिओभोवती जमायची.

माझं अरबी भाजी आणण्यापुरतं. तरीही ती एखादी ओळ पाचव्यांदा घ्यायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, मला शब्द कळत नाहीत हो. त्या म्हणाल्या, तुला तरब होतोय ना, मग झालं तर.

बहिणीला हे फोनवर सांगताना अडले. ‘मजा आली’ फार हलकं वाटतं. ‘तल्लीन झाले’ म्हणावं तर डोळ्यांपुढे स्तब्ध बसलेला माणूस येतो. तरबमध्ये माणूस गप्प बसत नाही. ध्वनिमुद्रणात ऐकू येतं, लोक ‘अल्लाह!’, ‘या सलाम!’ असे ओरडत असतात. आपल्याकडे याला नेमका शब्द कोणता?

बोरूबहाद्दर

भान हरपणे. वेगळं काही शोधायची गरज वाटत नाही.

जुनी_पोथी

भान हरपणे जवळचं आहे, पण त्यात काहीतरी हरवतं. तरबमध्ये काहीतरी हलतं. जुन्या अरबी कोशांत या शब्दाचा अर्थ आनंदाने *किंवा* दुःखाने मनाला येणारी खळबळ असा दिला आहे. दोन्ही बाजू एकाच शब्दात. गाण्याशी तो पुढे इतका जोडला गेला की गायकालाच ‘मुतरिब’ म्हणू लागले, म्हणजे तरब घडवणारा. गायिका असेल तर ‘मुतरिबा’. फारसी-उर्दूतही हे शब्द आहेत, गझल वाचणाऱ्यांना ‘मुतरिब’ भेटलेला असेल.

आनंद आणि दुःख दोन्हींना चालणारं आपलं क्रियापद म्हणजे उचंबळणे. ‘मन उचंबळून आलं’ आपण मुलगी पहिली आली तरी म्हणतो आणि ती सासरी निघाली तरी म्हणतो. माझं मत त्याला.

याच घरातले आणखी दोन शब्द सांगतो. ‘सम्मीआ’ म्हणजे जाणकार श्रोते, योग्य जागी दाद देणारे. याला आपला ‘रसिक’ अगदी चपखल बसतो. दुसरा ‘सल्तना’. गायक एखाद्या मकामात (आपल्या रागासारखी त्यांची स्वरव्यवस्था) इतका शिरतो की मग तो मकामच त्याच्यावर राज्य करतो, ती अवस्था. सुलतान त्याच धातूतला. आपण ‘आज राग चांगला लागला’ म्हणतो त्याच्या पुढची पायरी.

नादिष्ट

कोल्हापूरकडून एक शब्द: नादावणे. नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे वेड. एकाच शब्दात गाणंही आलं आणि खुळावणंही आलं. अरबीत तरी इतकं सोयीचं आहे का?

कुवेतकरीण

नादावणे फार आवडला. पण नाद *लागतो* आणि मग टिकतो, कुस्तीचा नाद, पत्त्यांचा नाद. मला उम्म कुलसूमचा नाद लागला हे खरंच आहे, पण तरब त्या-त्या क्षणाचा असतो. येतो आणि ओळ संपली की ओसरतो.

जुनी_पोथी, तुमच्या उत्तरावरून आठवलं. त्या ध्वनिमुद्रणांत लोक ‘कमान!’ असंही ओरडतात. म्हणजे आणखी, पुन्हा. आणि ती खरंच पुन्हा घेते. आजी सांगायची ते संगीत नाटकातले वन्समोअर तेव्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. पहाटेपर्यंत चालणारी नाटकं ऐकणाऱ्यांना तरब नक्की होत असणार, त्यांनी त्याला वेगळं नाव दिलं नाही इतकंच.

गजवाला

सारंगी शिकतो म्हणून लिहितो. सारंगीला मुख्य तारा तीन, आणि त्यांच्या खाली पस्तीसच्या आसपास बारीक तारा. त्यांना आपण हात लावत नाही. वरच्या तारेवर स्वर नेमका लागला की त्या आपोआप झंकारतात. स्वर जरा चुकला तर गप्प राहतात. या तारांना कोणी तरफ म्हणतं, कोणी तरब. तरफ हा बाजू या अर्थाचा वेगळा अरबी शब्द आहे, आपलं ‘तर्फे’ त्यातूनच आलं, त्यामुळे व्युत्पत्तीच्या वादात मी पडत नाही. पण ‘तरबच्या तारा’ म्हणताना मला नेहमी श्रोताच आठवतो. भाषा न कळणारा श्रोता तर जास्तच.

मधली_वाट

मला वेगळीच शंका आहे. ताई, ते शब्द तुम्हाला खरंच परके होते का? तुम्ही कोणती गाणी ऐकत होता?

कुवेतकरीण

सगळ्यात जास्त ‘इन्ता उमरी’. 1964 चं, मोहम्मद अब्दुल वहाब यांनी तिला दिलेली पहिली चाल. त्यात इलेक्ट्रिक गिटारसुद्धा आहे.

मधली_वाट

मग बघा. ‘इन्ता उमरी’ म्हणजे ‘तूच माझं आयुष्य’. यातला उम्र म्हणजे आपली उमर. त्याच गाण्यात जमान आहे, आपला जमाना. दुनिया आहे. महब्बा आहे, ती आपली मोहब्बत. अरबीत उच्चारताना शेवटचा त गळतो, आपल्याकडे फारसीमार्फत तो टिकला. आणि शौक आहे! अरबीत शौक म्हणजे ओढ, हुरहूर. आपल्याकडे येईपर्यंत तो पानाचा आणि अत्तराचा झाला.

तुम्हाला ओळख पटली नाही याचं एक कारण कैरोचा उच्चार. तिथे बोलीत ‘क’चा एक प्रकार (घशातून येणारा काफ) गिळला जातो. त्यामुळे कल्ब, म्हणजे हृदय, ऐकू येतं ‘अल्ब’. शौकचा होतो ‘शो’, आणि शेवटी घशात एक बारीकसा अडखळा. ज चा ग होतो, जमील तिथे गमील असतो. म्हणजे अर्धे शब्द आपल्याच घरातले, फक्त वेष पालटून आलेले.

त्यामुळे ‘शब्द कळत नव्हते तरी आवडलं’ हे मला पूर्ण पटत नाही. कानाच्या मागे कुठेतरी काहीतरी ओळखीचं लागत असणार.

गजवाला

असेल, पण मग मला पोर्तुगीज फादो गाणी ऐकताना गलबलून येतं त्याचं काय? त्यातला एकही शब्द मला ठाऊक नाही. ओळखीचा शब्द हे जादाचं सुख आहे, मुळातलं सुख स्वराचं.

कुवेतकरीण

काल रात्री गाणं पुन्हा लावलं, मधली_वाट यांचा प्रतिसाद समोर ठेवून. त्या ओळीपाशी आले आणि ‘शो’ ऐकू आला. सात वर्षं ऐकत होते तो आवाज, पहिल्यांदा त्यात शौक दिसला, आणि तोही आपला नाही, हुरहुरीचा. काटा आला तो आधीचाच होता, पण या वेळी डोळ्यांत पाणीही आलं. म्हणून गजवाला यांचंही खरं आणि मधली_वाट यांचंही.

शब्दापुरतं माझं ठरलं. क्रियापद हवं तिथे ‘उचंबळून आलं’ वापरीन. नामाला मात्र तरबच ठेवते. मैफल अरबीच, कैफ अरबीच. त्यांच्या पंगतीत हा परका वाटणार नाही.

बोरूबहाद्दर

ठेवायचाच तर लिंग ठरवा. तो तरब की ती तरब?

जुनी_पोथी

अरबीत आणि उर्दूतही पुल्लिंगी. तो तरब. कैफसारखा.

बोरूबहाद्दर

मग कैफासारखाच ‘चढला’ म्हणायचं का?

कुवेतकरीण

नको. चढला म्हटलं की उतरण्याची वाट बघितल्यासारखं वाटतं. ‘आला’ म्हणू. गहिवर येतो, उमाळा येतो, तसा. ‘काल गाणं ऐकताना तरब आला.’ बहिणीला हेच वाक्य पाठवलं आहे, तिने अर्थ विचारला नाही, गाणं मागितलं.