मदतीचे पेशे की सामाजिक उद्योजक : प्रश्न नक्की सोडवतं कोण?

हिशेबी (धागाकर्ता)

शिव्या पडणार हे धरूनच लिहितोय. नर्स, समाजकार्यकर्ते, समुपदेशक या सगळ्यांबद्दल आदर आहे, पण यांच्या कामाची रचनाच अशी की समोर आलेला माणूस सावरायचा, पुढच्याला आत बोलवायचं. रांग मुळात का लागते, हे बघायला ना वेळ ना अधिकार. सामाजिक उद्योजक, म्हणजे धंद्याच्या शिस्तीने सामाजिक प्रश्न सोडवणारा, नेमका तिथे हात घालतो.

अरविंद नेत्र रुग्णालयाचंच घ्या. १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर सुरू झालं. एका सर्जनला दोन टेबलं, एकावर मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट सिस्टरांनी तयार ठेवलेला, म्हणजे सर्जनचा वेळ फुकट जात नाही, आणि पैसे देणाऱ्यांच्या कमाईतून न देऊ शकणाऱ्यांची ऑपरेशनं. डोळ्यात बसवायची लेन्स बाहेरून महाग पडायची तर १९९२ मध्ये स्वतःचा कारखानाच काढला, ऑरोलॅब. देणगीदारांच्या तोंडाकडे बघत बसले असते तर हे झालं असतं का?

म्हणून म्हणतो, समाजकार्य शिकवताना ताळेबंद आणि कामाचा परिणाम मोजणंही शिकवा. आणि थोडी का होईना किंमत घ्या, फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही.

रात्रपाळी

उदाहरण झकास, पण ते तुमच्यावरच उलटतंय. अरविंद काढणारे डॉ. वेंकटस्वामी कोण होते? आयुष्यभर सरकारी नोकरी केलेले नेत्रतज्ज्ञ. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी त्याच हातांनी ऑपरेशनं करायचे आणि हे सगळं उभं केलं निवृत्तीनंतर. म्हणजे तुम्ही ज्याला उद्योजक म्हणताय तो आधी तुमच्या त्या "रांग सावरणाऱ्या" पेशातलाच माणूस.

दुसरं, मोतीबिंदू हे उद्योजकाला मानवणारं दुखणं आहे हो. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, विषय संपला. टीबीचं काय? दारूचं? मी नर्स आहे. गोळ्या बंद केलेला एक पेशंट होता, मोबाईलमधल्या ॲपमध्ये त्याच्या नावापुढे नुसतं लाल दिसायचं. घरी जाऊन बसल्यावर, दोन वेळा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर कळलं की सकाळी उपाशीपोटी कामावर जावं लागतं, गोळी घेतली की मळमळतं, आणि आजार घरमालकाला कळला तर खोली जाईल म्हणून पाकिटं कामाच्या ठिकाणी लपवलेली. ॲपने काय सांगितलं? गोळी चुकली. का चुकली ते माणसालाच विचारावं लागतं, आणि तोही पहिल्या भेटीत सांगत नाही.

बारावा_गडी

फक्त "फुकटची कदर नसते" यावर बोलतो, कारण हे वाक्य ऐकून कान किटलेत. हे केनियात तपासून झालंय. गरोदर बायकांना दवाखान्यात मलेरियापासून वाचायला कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या दिल्या, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी अगदी थोडी किंमत लावून. कोहेन आणि द्युपा या दोघींचा अभ्यास, २०१० मध्ये छापून आला. किंमत थोडी वर नेल्याबरोबर घेणाऱ्या बायकांचं प्रमाण धाडकन खाली, आणि फुकट नेलेल्यांनी ती कमी वापरली असंही काही आढळलं नाही. शिवाय मच्छरदाण्या जास्त घरांत गेल्या की डास कमी होतात, न वापरणाऱ्या शेजाऱ्यालाही फायदा. तेव्हा किंमत लावून कदर वाढत नाही, लोक गळतात.

हिशेबी

मच्छरदाणीचं मान्य. पण माझा मूळ मुद्दा मोजण्याचा आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही.

बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते ९० मध्ये घरोघरी बायका पाठवून आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, एक कोटीहून जास्त घरं. यातली मेख बघा. शिकवणारीचा पगार किती घरं केली यावर नव्हता, नंतर दुसराच माणूस काही घरांत जाऊन आईला विचारायचा आणि तिला किती आठवतंय त्यावर मोबदला ठरायचा. आता सांगा, तुमच्यातल्या किती संस्था असं करतात? अहवालात काय असतं, इतकी शिबिरं, इतके लाभार्थी, आणि हारतुऱ्यांचे फोटो.

रात्रपाळी

हारतुऱ्यांच्या फोटोंवर शंभर टक्के सहमत, त्या फोटोंत उभं राहून आमचे पाय दुखतात. पण तुमचं ब्रॅक तिथे देणग्यांवरच चाललं होतं, त्या आयांकडून कुणी फी घेतलेली नाही. मोजायला नफा कशाला हवा? पट्टी घेऊन मोजा की.

उंटावरचा

उद्योजकभक्तांनी प्लेपंप आठवावा. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना, मुलं गोल चक्रावर खेळणार, त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी वर टाकीत चढणार, टाकीवर जाहिराती, जाहिरातींच्या पैशातून देखभाल. ऐकताना कसलं भारी वाटतं! २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या निधीची घोषणा झाली, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. प्रत्यक्षात मुलं खेळून कंटाळली की ते जड चाक बायकांनी रेटायचं, कित्येक ठिकाणी आधीचा चांगला हातपंप काढून हे बसवलेलं, बिघडलं की दुरुस्तीची बोंब. त्या बायकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारायला कोण लागतं? तिथे रोज जाणारी आरोग्यसेविका किंवा समाजकार्यकर्ती. तिला बक्षीस समारंभाला बोलवत नाहीत एवढंच.

हिशेबी

प्लेपंप फसला आणि थांबला, हाच तर फायदा. पेशेवाल्यांचा फसलेला कार्यक्रम कधी बंद झालेला पाहिलाय? पुढच्या वर्षी नाव बदलून तोच. न्यूयॉर्कच्या रायकर्स तुरुंगातल्या पोरांसाठीच्या एका कार्यक्रमात २०१२ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेने पैसे घातले, पोरं सुटल्यावर पुन्हा तुरुंगात येणं कमी झालं तरच परतफेड. कमी झालं नाही, २०१५ मध्ये कार्यक्रम बंद. करदात्याला झळ नाही.

बारावा_गडी

अर्धीच गोष्ट सांगताय. गोल्डमनच्या त्या कर्जातल्या मोठ्या भागाला तिथले तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेची हमी होती. म्हणजे धोका पत्करला दानधर्माने, आणि कौतुक कुणाचं तर गुंतवणुकीचं.

मधली_फळी

झिम्बाब्वेचं फ्रेंडशिप बेंच कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, त्यातल्या डिक्सन चिबांडांनी २००६ मध्ये हरारेत आज्यांना शिकवलं, दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून ऐकायचं, आधी १४ प्रश्नांची यादी विचारायची, मग माणसाच्या ढीगभर अडचणींतली एकच निवडून तिच्यावर काय करता येईल ते त्यालाच ठरवू द्यायचं. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली, नैराश्य खरंच कमी झालेलं दिसलं. आता याला उद्योजकता म्हणा नाहीतर पेशा, मला फरक पडत नाही, पण बाक हा दिखाऊ भाग आहे हे लक्षात घ्या. आजीला वाटलं की हा माणूस जिवाचं बरंवाईट करेल तर तिच्या वर कुणीतरी शिकलेलं पाहिजे जे ताबडतोब बघेल. नक्कल करणारे आधी बाक विकत घेतात आणि ही वरची माणसं नेमायची वेळ आली की बजेट संपलेलं असतं.

हिशेबी

बरोबर, पण त्या वरच्या माणसांचा पगार कुठून येणार ते सांगा, मी तेवढंच विचारतोय पहिल्यापासून.

रात्रपाळी

करातून. अग्निशमन दल कुठल्या महसूल मॉडेलवर चालतं ते आधी तुम्ही सांगा.