मदत हवी आहे: गणपतीपर्यंत पाच रविवार, एक चौरंग, आणि अजून एकच पाय

मालडबा_डोंबिवली · रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

इथे हौसेने सुतारकाम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. तुमचे शनिवार-रविवार नेमके जातात कुठे? माझे कुठे जातात ते या वेळी मोबाईलवर वेळ लावून पाहिलं आणि आता झोप येत नाहीये.

मी डोंबिवलीत राहतो, फोर्टात बँकेत आहे. २०१५ च्या सप्टेंबरपासून आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. बाकीचे शनिवार पूर्ण दिवस कामाचे, त्यामुळे 'वीकेंड' म्हणण्यासारखं काही महिन्यातून दोनदाच मिळतं. वर्कशॉप म्हणजे ड्राय बाल्कनी, सात फूट बाय साडेतीन, आणि त्यातली दोन फूट वॉशिंग मशीनची. मशीनवर प्लायचा जाड तुकडा टाकला की ते माझं टेबल. कपडे धुवायचे निघाले की काम बंद.

यंदा घरच्या गणपतीसाठी सागवानी चौरंग करायचं आईला कबूल केलंय. दोन फूट बाय दोन फूट, उंची एक फूट. शनिवारी सकाळी मस्जिद बंदरला उतरून नागदेवीला गेलो, कारण रविवारी ते बंद. दोन शिकंजे (लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प) घ्यायचे होते, दुकानदाराशी गप्पा मारण्यात साडेअकरा वाजले. तिथून रे रोडच्या वखारीत. फळ्या निवडणं, उलटून पाहणं, गाठी मोजणं, वखारवाल्याने "साहेब, लग्नाला मुलगी बघताय का?" म्हणणं. शेवटी अडीच फुटी चार फळ्या, पायांसाठी दोन इंच बाय दोन इंचाच्या दोन काठ्या आणि खालच्या चौकटीच्या पट्ट्या, सगळं मिळून पाऊण घनफूट. टॅक्सीने भायखळा, तिथून लोकलचा मालडबा. एका मावशींनी मासळीची रिकामी पाटी माझ्या फळ्यांवर ठेवली, ती कल्याणपर्यंत तिथेच राहणार होती, म्हणून डोंबिवलीला उतरताना माझी आणि त्यांची दोघांची तारांबळ. घरी पोचलो तेव्हा साडेचार. फळ्यांना अजून बोंबलाचा वास आहे.

रविवारी साडेसातला उठून पटाशीला धार लावायला बसलो. दीड तास. मग भाजी, मुलाचा क्लास. साडेअकराला काम सुरू केलं ते दीडपर्यंत, पहिल्या पायाला दोन खाचा पाडल्या, त्यातली एक तिरकी गेली. दोनला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "ठोकाठोकी कोण करतंय? बाळ झोपलंय." बाळ खालच्याच मजल्यावर आहे, ते खरंच झोपलेलं असणार, गप्प बसलो. पाचला पाहुणे. संध्याकाळी झाडलोट, तरी रात्री वरणाच्या वाटीत भुसा सापडला. तो कुणाला सापडला हे सांगत नाही.

दोन दिवसांत लाकडाला हत्यार लागलं ते दोन तास.

गणपतीला आता पाच रविवार आणि दोन शनिवार आहेत, त्यातला एक रविवार बारशात जाणार. वेळ कसा बसवू? आणि दुसरं, फळ्यांना किंचित वाटी आलीय, म्हणजे रुंदीत खोलगट झाल्यात. भर पावसात त्या जोडून वरचा पाट करावा का? आणि पॉलिश कोणतं?

---

फक्त_वाचक · सोमवार, सकाळी ८.०५

दादरला तयार चौरंग मिळतात. (पळालो.)

---

निवृत्त_रंधा · सोमवार, सकाळी १०.२०

वरच्यांना पळू द्या.

मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो, आता सांगलीत घरी करतो. मुलांना पहिल्या आठवड्यात जी चूक करताना बघायचो तीच तुम्ही केलीत. एक पाय पूर्ण करायला घेतला. चौरंगाला पाय चार, खाचा आठ. एक पाय पुरा करून दुसऱ्याला हात घातला की प्रत्येक वेळी नव्याने माप, नव्याने गुण्या, नव्याने चूक. चारही पाय एकत्र शिकंज्यात धरा, गुण्या लावून चारींवर एकदमच रेघ ओढा. आठही खाचांची आखणी एका बैठकीत संपवा. हे काम कोणत्याही वारी रात्री जेवणानंतर होतं, आवाज नाही, भुसा नाही. पट्टी एक इंच जाडीची आहे तर कुसू (पट्टीचं खाचेत बसणारं टोक) तिच्या तिसऱ्या हिश्शाचं धरा, म्हणजे तीन सूत चालेल, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

खाच नुसत्या पटाशीने पाडत बसू नका. आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने ओळीने भोकं पाडून मधलं लाकूड काढून टाका, पटाशी फक्त भिंती सरळ करायला. ठोकाठोकी निम्म्याहून कमी होईल, बाळही झोपेल. तिरकी खाच तिरकी का गेली? तुम्ही एका बाजूने आरपार गेलात किंवा पटाशीची पाठ उलटी धरलीत. दोन्हींपैकी काय ते कळवा.

धार रविवारी लावायची नाही. मंगळवारी, गुरुवारी, टीव्ही बघता बघता. दहा मिनिटं पुरतात, पण पटाशी पार बोथट होण्याआधी लावायला हवी. जाड काचेच्या तुकड्यावर हजार आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, पाणी, कोन पंचवीस अंश. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर चार हात. नखावर टेकवली तर घसरता कामा नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरस. फेविकॉल लावून शिकंजे आवळले की पुढचे चोवीस तास तुमची गरज नसते. तो सरस तुम्ही रविवारी सकाळी लावलात तर रविवार वाळण्यात गेला. रविवारी रात्री लावा. तुम्ही सोमवारी लोकलमध्ये, तो आपला वाळतोय. कडांवर रंधा मात्र सरस लावायच्या फक्त अर्धा-पाऊण तास आधी मारा. साग तेलकट लाकूड, रंधा मारून आठवडाभर ठेवलेल्या कडेवर सरस नीट धरत नाही.

---

कोथरूडची_करवत · सोमवार, रात्री ९.५०

दादा, काकांनी वेळेचं सांगितलंय, मी लाकडाचं सांगते. पहिला चौरंग मी सासूबाईंसाठी केला होता, मे महिन्यात पाट असा फाटला की मधून रुपया जाईल. सासूबाई त्यात खरंच रुपया घालून दाखवायच्या, येईल त्याला.

लाकूड वाळलेलं असलं तरी हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ३०% च्या आसपास असेल तर लाकडातली ओल साधारण ६% वर येऊन थांबते, ८०% असेल तर १५-१६% वर. लांबीत काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. दोन फूट रुंदीच्या सागाच्या पाटाची ओल आठ टक्क्यांनी बदलली तर फळ्या कशा चिरल्यात त्यावर पाच ते नऊ मिलीमीटरचा फरक येतो. पुण्यात आम्ही हे पुरेपूर भोगतो. तुमच्याकडे खाडीची हवा, बारा महिने ओलसर, निम्मं धरा. पण निम्मं म्हणजेही तीन-चार मिलीमीटर, आणि ते धरून ठेवायला कोणताच स्क्रू जन्माला आलेला नाही.

आत्ता पावसात तुमचं लाकूड फुगलेलं आहे. पुढे ते आकसणार. म्हणून फळ्या एकमेकींना सरसाने बिनधास्त चिकटवा, पण पाट खालच्या चौकटीला चिकटवू नका. खालून स्क्रूच लावा. लाकडाच्या रेषा डावीकडून उजवीकडे जात असतील तर डाव्या-उजव्या पट्टीच्या मधोमध एकेक स्क्रू घट्ट, बाकी सगळ्या स्क्रूंची भोकं पुढे-मागे लांबट, कानशीने ओढून. स्क्रूखाली वॉशर. पाटाला सरकायला जागा राहते.

वाटीचं म्हणाल तर फळ्या आहेत कुठे? वॉशिंग मशीनशेजारी बाल्कनीत असतील तर आजच उचला. हॉलमध्ये सोफ्यामागे, प्रत्येक फळीखाली सारख्या जाडीच्या तीन पट्ट्या, वर पुस्तकांचं वजन, आणि दहा-बारा दिवस विसरून जा. चारही बाजूंनी हवा लागली की बऱ्याच सरळ होतात. उरलेली वाटी रंध्याने.

माझे रविवार विचाराल तर निम्मे जुन्या बाजारात जातात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. एकदा गंजलेल्या स्पॅनरच्या ढिगात शेफिल्डचा शिक्का असलेली पटाशी मिळाली, मूठ नव्हती. मूठ करायला पुढचे दोन रविवार गेले. हे तास कोणत्या खात्यात लिहायचे? मी तरी कामातच धरते.

जाता जाता: मास्क वापरा, एन-९५ च. लाकडाचा भुसा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे त्याने कर्करोग होतो हे सिद्ध धरलेलं. सागाच्या भुश्याने काहींना पुरळही उठतं. वरणाच्या वाटीपर्यंत पोचला असेल तर नाकात किती गेला असेल बघा.

---

गॅरेजातला_मिनेसोटा · मंगळवार, पहाटे ५.१५

तुमची ड्राय बाल्कनी वाचून माझ्या गॅरेजचं रडगाणं गावं की नाही असं झालं, पण गातो. दोन गाड्यांचं गॅरेज, त्यात दोन गाड्या. शनिवार सुरू होतो गाड्या बाहेर काढण्यापासून. उन्हाळ्यात गवत कापणं, मुलांचं सॉकर. हिवाळ्यात वेळच वेळ, पण गॅरेज गोठलेलं. इथला पांढरा-पिवळा सरस साधारण दहा अंशांच्या खाली नीट धरतच नाही, खडूसारखी पांढरी भुकटी होते. मग जोडलेली चौकट दोघांनी उचलून तळघरात, बॉयलरशेजारी. बायको एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि जिन्यात वळण.

ताईंचं गणित इथे उलटं चालतं. थंडीत हीटरने घर कोरडं होतं, म्हणून आमचं लाकूड जानेवारीत आकसतं आणि जुलैत फुगतं. मुंबईहून आणलेला आजीचा शिसवी पाट पहिल्याच हिवाळ्यात तडकला.

वेळेबद्दल एकच सांगतो, बाकी काकांनी सांगितलंच आहे. काम थांबवून उठण्याआधी लाकडावरच चिठ्ठी चिकटवा. "पाय ३, डावी खाच अजून दोन सूत खोल. मग कुसू घालून बघ." मी आधी दर शनिवारी पाऊण तास नुसता उभा राहायचो, मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवत. चिठ्ठी असली की वीस मिनिटांची फटसुद्धा कामी येते. व्हिडिओ बघणं मात्र बंद करा, मी वर्षभर दुसऱ्यांचं लाकूड कापताना बघत होतो.

---

मालडबा_डोंबिवली · मंगळवार, रात्री १०.५५

काका, पटाशीची पाठ उलटी धरली होती. कसं ओळखलंत?

ताई, फळ्या सोफ्यामागे गेल्या. वर मुलाची पुस्तकं ठेवलीत, तो खूश आहे, अभ्यास करता येत नाही म्हणून. आज लोकलमध्ये उभ्याने आठही खाचांची मापं कागदावर काढली. पॉलिशचं कुणीच बोललं नाही.

---

निवृत्त_रंधा · बुधवार, सकाळी ७.३०

वीस वर्षं पोरांनी उलटीच धरली, ओळखायचं काय त्यात.

लाखेचं पॉलिश सुंदर, पण पावसात हात लावू नका. दमट हवेत ते पांढुरकं पडतं आणि मग सगळं खरवडायचं. उकळलेलं जवसाचं तेल लावा, अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसून. एक हात पावसात वाळायला दोन-तीन दिवस घेईल, म्हणून शेवटचा आठवडा तेलासाठीच राखून ठेवा. हळदीकुंकवाचा डाग तेलावर पडणारच, आणि पडलेला बरा दिसतो.

एक धोका सांगून ठेवतो. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाल्कनीच्या कठड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, मगच कचऱ्यात.

---

मालडबा_डोंबिवली · चार आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.३०

मंडळी, हिशोब द्यायला आलो. बारसं धरून चार रविवार आणि दोन शनिवार गेले. आखणी आणि धार सगळी कामाच्या दिवशी रात्री झाली, रविवारी हातात आलं ते नुसतं कापकाम. कुसू पहिल्याच फटक्यात बसली, असं लिहायला आवडलं असतं. आठातली पाच बसली. दोन सैल झाली, त्यात रंध्याचा कीस सरसात बुडवून भरला. एक इतकं घट्ट की बायको म्हणाली, आता हे असंच राहू दे. पाट सरळ आहे, बोंबलाचा वास रंध्याबरोबर गेला. लांबट भोकं कानशीने केली, खालच्या बाळासाठी दुपारी नाही, संध्याकाळी.

तेलाचा पहिला हात आज लावला. फडकी कठड्यावर आहेत, आईने चुकून धुवायला टाकली होती, परत काढली.

आता एक नवीन. चौरंग फरशीवर ठेवला की डुगडुगतो. मोजून पाहिलं, मागचा उजवा पाय दीड मिलीमीटर आखूड आहे. बाकीचे तीन पाय कापू का?

---

निवृत्त_रंधा · रविवार, रात्री ९.३८

कापू नका. आखूड पायाखाली सागाचीच पातळ चकती चिकटवा. तीन पाय कापायला बसलात तर गणपतीपर्यंत चौरंगाचा पाट होईल.