कॅन्यनची ट्रिप: सात सीटची गाडी आणि रिमवरची खोली

आत्या: हा व्हिडिओ बघा. काचेच्या पुलावर बायका कशा किंचाळतायत! ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेत आलो की ग्रँड कॅन्यनची दरी बघायला आपण इथेच जाणार ना?

दादा: नाही गं आत्या. तो स्कायवॉक. तो ग्रँड कॅन्यन वेस्टला, वालापाय या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आहे, नॅशनल पार्कमध्ये येत नाही. तिथलं तिकीट वेगळं, पार्कचा पास चालत नाही. आपण जाणार पार्कमधल्या साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाला. एकीकडून दुसरीकडे जायला गाडीने चारेक तास लागतात.

आत्या: मग दोन्ही करू की. एवढ्या लांब येतोय आम्ही.

मामा: ताई, मी वेस्ट केलंय, वेगासहून एका दिवसाच्या बसने. तेव्हा पुलावर मोबाइल नेऊ दिला नाही, लॉकरमध्ये ठेवायला लावला. फोटो हवा तर त्यांच्याकडूनच विकत घ्यावा लागला. वाईट नाही, पण मला विचाराल तर साउथ रिमला दोन रात्री राहा. दरी दुपारी बघण्यात मजा नाही, उन्हात सगळं एकाच रंगाचं दिसतं. खरा खेळ सकाळी आणि सूर्यास्ताला.

नाना: नॉर्थ रिमला गर्दी कमी असते असं वाचलं.

दादा: कमी असते, पण नाना, तिथलं लॉज 2025 च्या जुलैमधल्या वणव्यात जळून गेलं. शिवाय एका रिमवरून समोरची रिम सरळ रेषेत 10 मैल, रस्त्याने मात्र 215. नॉर्थ सोडून द्या.

वहिनी: आधी गाडीचं बघा. आपण सहा जण, सामान सहा जणांचं, आणि आपली गाडी पाच सीटची.

दादा: मोठी एसयूव्ही घेऊ भाड्याने.

वहिनी: तिसऱ्या रांगेत कोण बसणार? गुडघे हनुवटीला लागतात तिथे. आणि तिन्ही रांगा भरल्या की मागे दोन बॅगासुद्धा मावत नाहीत. मिनीव्हॅन घे. दार सरकतं, पायरी बुटकी असते, माईंना हात धरून चढवायला नको.

माई: मला काही होत नाही चढायला.

वहिनी: माई, परवा रिक्षात चढताना काय झालं ते मला कळलंय.

मामा: मिनीव्हॅनच. फिनिक्सहून साडेतीन-चार तास, रस्ता उत्तम. पेट्रोल पार्कबाहेरच्या टुसायन गावात भरून घ्या, आत पार्कच्या व्हिलेजमध्ये पंप नाही.

चिंगी: विल्यम्स गावाहून रिमपर्यंत ट्रेन जाते!! 1901 पासूनची. पिल्लूला आवडेल.

दादा: बघितलं मी ते. सकाळी साडेनऊला निघते, पावणेबाराला पोचते आणि साडेतीनला परत. म्हणजे हातात पावणेचार तास, तेही नेमके भर दुपारचे. सूर्यास्त गेला. पिल्लूला ट्रेन दुसरीकडे दाखवू.

नाना: राहायचं कुठे मग? काही ठरलं की नुसत्याच गप्पा?

दादा: सांगतो नाना. रिमवरची लॉजेस म्हणजे एल टोवार (1905 चं, महाग), ब्राइट एंजल, थंडरबर्ड, काचिना. थोडं आत मास्विक आणि यावापाई. बुकिंग 13 महिने आधी उघडतं, त्यामुळे ऑक्टोबरचं बरंचसं कधीच गेलंय. पण लोक रद्द करत राहतात आणि त्या खोल्या पुन्हा साइटवर येतात. चिंगी, तू रात्री जागीच असतेस, रोज बघत जा.

चिंगी: टोमणा कळला. बघते.

वहिनी: आणि नाहीच मिळाली तर? सहा जणांना घेऊन गाडीत झोपायचं?

दादा: टुसायनला आत्ताच दोन खोल्या धरून ठेवतो, फुकट रद्द करता येतील अशाच. पार्कच्या दाराबाहेरच आहे ते.

मामा: टुसायनचं बुकिंग आतली खोली मिळाल्यावरही लगेच सोडू नका. पार्कला पाणी पुरवणारी पाइपलाइन 1960 च्या दशकातली आहे, सारखी फुटते. 2024 च्या ऑगस्टअखेरीस तर आतल्या सगळ्या लॉजचा मुक्कामच बंद करावा लागला होता. रद्द करायच्या शेवटच्या तारखेपर्यंत दोन्ही ठेवा.

आत्या: विल्यम्सला स्वस्त पडेल ना?

दादा: पडेल, पण ते तासाभरावर. सूर्यास्त बघून अंधारात परत यायचं, आणि त्या रस्त्यावर एल्क, म्हणजे तिकडची मोठी हरणं, आडवी येतात. केवढं मोठं जनावर असतं माहितीये? मी नाही चालवणार.

नाना: प्रवेश फी किती?

दादा: गाडीला 35 डॉलर, सात दिवस चालतं. पण 2026 पासून बाहेरच्या देशातल्या पाहुण्यांना या पार्कात माणशी 100 डॉलर जादा, 16 वर्षं आणि त्यावरच्यांना. तुम्ही, माई, आत्या मिळून 300. त्यापेक्षा परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास 250 चा आहे, तो घेऊ. मग झायन नॅशनल पार्कला गेलो तरी त्यावरच भागेल.

आत्या: माणशी शंभर! दरी बघायचे!

नाना: पास घे. विषय संपला.

माई: मला फार चालायला लावू नका म्हणजे झालं.

वहिनी: माई, काळजी नको. रिमच्या काठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाडी सोडत नाहीत, फुकट बस असते. पण ज्यांना चढ-उतार जमत नाही त्यांच्यासाठी परमिट मिळतं, मग आपली गाडी नेता येते. गेटवरच मागून घेऊ. डेझर्ट व्ह्यूच्या बाजूला तर उलट बसच नाही, गाडीनेच जायचं.

मामा: स्वेटर घ्या सगळ्यांनी. रिम सात हजार फुटांवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपट उंच. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याजवळ जातो. पहिल्या दिवशी जरा दम लागेल, पाणी पीत राहा.

माई: तिथे विष्णूचं देऊळ आहे म्हणे? शेजारच्या काकू सांगत होत्या.

दादा: विष्णू टेंपल आहे, पण तो दगडी सुळका आहे गं. शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपलही आहेत. डटन नावाच्या भूवैज्ञानिकाला 1880 च्या सुमारास अशी नावं द्यायची हौस होती.

माई: असू दे. लांबून नमस्कार करीन.

आत्या: म्हणजे काचेचा पूल नाहीच?

मामा: ताई, तुला हवाच असेल तर परत जाताना तू वेगासहून विमान धर. तिथून बस जाते, सकाळी नेऊन संध्याकाळी आणतात. या सगळ्यांना चार तास उलटं फिरवू नकोस.

आत्या: एकटी नाही जाणार मी.

चिंगी: आत्याआजी, माझं तिकीट काढा, मी येते सोबत.

दादा: टुसायनच्या दोन खोल्या झाल्या, 9 आणि 10 तारीख. मिनीव्हॅन उद्या बघतो.

नाना: खोल्या खालच्या मजल्यावरच्या मागून घे, हिचे गुडघे लक्षात ठेव. आणि पासपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका कोणी, दादाला वेगळे पाठवा.