न्यू जर्सी ते डॅलस वारंवार जायचंय, जुनी आरव्ही कुठली घ्यावी?

एडिसनकर

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज प्रश्न घेऊन आलोय.

नुकताच रिटायर झालो. मुलगी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत असते, नातवंडं तिकडे. हिला विमानतळांचा वीट आलाय आणि मला गाडी चालवायला आवडतं, म्हणून जुनी आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घ्यायचं चाललंय. एका बाजूचे साधारण साडेपंधराशे मैल, वर्षातून तीन-चार फेऱ्या, अधूनमधून एखादं नॅशनल पार्क. बजेट ५० हजार, ताणलं तर ५५.

तीन गाड्या नजरेत आहेत. एक क्लास सी (व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली), २०१५ ची, २४ फुटी, फोर्ड ई-३५० वर बांधलेली, ४१ हजार मैल, ४६ हजार डॉलर. दुसरी क्लास ए (बससारखी मोठी), २००८ ची, ३१ फुटी, मीटरवर फक्त १२ हजार मैल, आत शिरलं की दिवाणखानाच, ३८ हजार. तिसरी क्लास बी (व्हॅनच्या आतच सगळं बसवलेली), २०१२ ची डिझेल स्प्रिंटर व्हॅन, ९० हजार मैल, ५४ हजार.

माझं मन दुसरीवर बसलंय. १२ हजार मैल म्हणजे गाडी वापरलीच नाही म्हणायची! ही म्हणते तिसरी घ्या, कारण तेवढीच आमच्या ड्राइव्हवेत मावेल. हिच्या गुडघ्यांचा त्रास आहे, तेही सांगून ठेवतो.

वऱ्हाडी_ओहायो

एडिसनकर, राग मानू नका, पण ते १२ हजार मैलच मला खटकतात.

मी टोलेडोजवळ राहतो. ही माझी दुसरी जुनी आरव्ही, आणि आता ओळखीतलं कोणी गाडी बघायला निघालं की मला शिडीसकट सोबत नेतात. आरव्ही चालून जेवढी खराब होते त्याहून जास्त उभी राहून होते राजेहो. टायरचं रबर वाळतं, जनरेटरच्या कार्ब्युरेटरात जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं, ब्रेक गंजून धरतात, उंदीर वायरी कुरतडतात. टायरवर 'डॉट' लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांवरचा टायर मी हायवेवर नेत नाही. सहाच्या सहा टायरांचे पैसे भावातून कापून मागा.

पण आरव्हीला खरं खातं ते पाणी. छतावर रबराचा पत्रा, त्यात एसी, पंखा, अँटेना, व्हेंट यांच्यासाठी पाडलेली भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती लावलेलं सीलंट. ते उन्हाने तडकतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं शाकारायचे ना, तसं इथे दरवर्षी वर चढून ते बघावं लागतं. मालकाने बघितलं की नाही हे त्याला विचारून काय कळणार? वर चढायचं. मागे एका मित्राबरोबर गेलो होतो, मालक छातीठोकपणे सांगत होता की गाडी कायम गॅरेजातच असायची. गॅरेजचं दार नऊ फुटी, गाडी अकरा फुटी. आम्ही चहा पिऊन परत आलो.

आत गेलात की सोफ्यावर बसायच्या आधी कपाटं उघडा. वरचे कोपरे बोटांनी दाबा. क्लास सी असेल तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाची गादी उचला आणि पुढचे दोन कोपरे चाचपा, सगळ्यात आधी तिथेच झिरपतं. मऊ लागलं, कुबट वास आला किंवा एकाच कोपऱ्यात नवा रंग दिसला तर निघा. बाहेरून भिंतीकडे तिरक्या उन्हात बघा. फुगवटा दिसला म्हणजे फायबरग्लास आतल्या प्लायपासून सुटलंय, आणि ती दुरुस्ती कधी कधी गाडीच्या किमतीला भिडते. ओलावा मोजायचं यंत्र ३०-४० डॉलरला मिळतं, ते न्याच. घरच्या लोकांना तुम्ही वेडे वाटाल, वाटू द्या.

स्प्रिंटरबद्दल. साडेपंधराशे मैलांना क्लास सी गॅलनला ९ मैलांच्या ॲव्हरेजने सुमारे १७० गॅलन पिते, स्प्रिंटर १६ ने शंभराच्या आत भागवते. फरक ७५ गॅलनचा, त्यात डिझेल महाग. वर्षाला चार फेऱ्या केल्या तरी त्या वाचलेल्या पैशांवर दुरुस्तीचं एक मोठं बिल पाणी फिरवू शकतं. एक्झॉस्टच्या यंत्रणेतला एखादा सेन्सर बिघडला की ती गाडी स्वतःच वेग आवरून रांगायला लागते, आणि स्प्रिंटरला हात लावणारं दुकान आर्कान्सात रविवारी शोधून दाखवा. तुमच्या ई-३५० मध्ये बहुधा ६.८ लिटरचं व्ही-टेन (दहा सिलिंडरचं) इंजिन असेल. चढावर बोंबलतं खरं, पण कुठल्याही गावात ते उघडणारा माणूस सापडतो.

ई-३५० ची एक गोष्ट मात्र बघाच. तिचं एकूण वजन १२,५०० पौंडांच्या आत राहायला हवं (ई-४५० ला १४,५०० चालतं). दाराच्या आत स्टिकर असतं, त्यावर सामानासाठी किती पौंड शिल्लक आहेत ते लिहिलेलं असतं. पाणीच गॅलनला ८.३ पौंड भरतं. ४० गॅलनची टाकी, तुम्ही दोघं, आणि लेकीकडे न्यायचं सामान. मराठी घरातून लेकीकडे काय काय जातं ते मी सांगायला नको. घेतल्यावर एकदा सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) वजन करा.

माझं मत: क्लास सी, पण छत कोरडं निघालं तरच. क्लास ए फुकट मिळाली तरी टायर बघून मग बोलू.

ऑस्टिनची_आजी

वऱ्हाडी भाऊंनी यंत्राचं सांगितलं, मी माणसांचं सांगते.

क्लास बीमध्ये बहुधा शॉवर आणि संडास एकाच खणात असतो, आंघोळ झाली की सगळं पुसत बसा. रात्री सोफ्याचा पलंग करायचा, सकाळी पुन्हा सोफा. गुडघे दुखत असताना हे रोज? वहिनींना आधी अर्धा तास आत बसवा, पलंग घालायला लावा, मग विचारा.

२४ फुटी क्लास सी मध्येही पलंग कसा आहे ते बघा. पुष्कळ गाड्यांत तो मागच्या कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला टेकलेला असतो. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. पायऱ्यांची उंचीही चढून बघा.

स्वयंपाक: आतल्या प्रोपेन गॅसच्या शेगडीवर फोडणी दिलीत तर हिंग-मोहरी पडद्यांत मुक्कामाला येते. मी इंडक्शन बाहेरच्या टेबलावर मांडते. पण ३० अँपियरच्या जोडणीवर सगळं मिळून ३६०० वॉट मिळतात. एसी आणि १८०० वॉटचं इंडक्शन चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. आमच्याकडे हे काम 'ह्यांचं'.

आणि आधी मुलीला फोन करा. फ्रिस्कोकडच्या बऱ्याच वसाहतींत एचओए (घरमालकांची संघटना) घरासमोर आरव्ही उभी करू देत नाही, दिली तर सामान चढवण्या-उतरवण्यापुरती. एडिसनला तुमच्या टाउनशिपचे नियमही बघा. दोन्हीकडे जागा भाड्याने घ्यावी लागली तर तो महिन्याचा खर्च बजेटात धरलेला नाही तुम्ही.

एडिसनकर

बाप रे. क्लास ए वाल्याला फोन करून टायरचा कोड विचारला, तो म्हणाला 'ओरिजिनल आहेत, एकदम नव्यासारखे'. विषय संपला. एचओए बद्दल मुलीने कळवलंय: दोन दिवस, त्यावर नोटीस. जवळच्या स्टोरेजचे भाव ती काढतेय.

क्लास सी लॉरेलला आहे, मेरीलँडमध्ये. शनिवारी जातोय. मालकाला आधी काय सांगून ठेवू? आणि स्वतंत्र इन्स्पेक्टर लावावा का?

वऱ्हाडी_ओहायो

सांगा की फ्रीज आदल्या दिवशी सुरू करून ठेव. प्रोपेनवरचा फ्रीज गार व्हायला कित्येक तास घेतो, तुम्ही गेल्यावर लावला तर काहीच कळत नाही. उलट इंजिन आणि जनरेटर मात्र तुम्ही पोचेपर्यंत सुरू करू नकोस म्हणा, थंड सुरू होताना आवाज ऐकायचाय. जनरेटर एसी लावून अर्धा तास चालवा. टाकीत पाणी भरून पंप लावा, सगळे नळ उघडून बंद करा आणि मग कान द्या: नळ बंद असताना पंप पुन्हा पुन्हा सुरू झाला तर कुठेतरी गळतंय. हिवाळ्यात गोठून पाइप फुटलेला असेल तर तो इथेच सापडतो.

इन्स्पेक्टर लावा. त्या लोकांची राष्ट्रीय संघटना आहे, एनआरव्हीआयए, तिच्या साइटवर जवळचा माणूस मिळेल. मालकाने सुचवलेला नको. गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे वाहन सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, साइटवर टाकून रिकॉल (कंपनीने दोष काढायला गाडी परत बोलावणं) बाकी आहेत का तेही घरबसल्या बघा, फुकट आहे.

घेतलीत आणि तशीच चालवत घरी आणलीत तर बाल्टिमोरच्या बोगद्यांत शिरू नका, प्रोपेनची टाकी असलेली आरव्ही तिथे चालत नाही. पूर्वी अशा गाड्या तिथल्या 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून जायच्या, तो २०२४ च्या मार्चमध्ये जहाज धडकून पडला. लॉरेलहून आय-९५ ने उत्तरेला निघा, शहराभोवतीचा ६९५ हायवे लागला की पश्चिमेकडून टाउसनमार्गे वळसा घालून पुन्हा ९५ धरा. फोनवरचा नकाशा हे सांगणार नाही, तो तुम्हाला सरळ बोगद्यातच घालेल.