मदत हवी आहे: वीज बेभरवशाची, मग दाढ वाचवायची कशी?

नमस्कार. दुर्गम भागातल्या सामुदायिक दवाखान्यात मी दंतवैद्य म्हणून काम करते. अशा ठिकाणी काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

लहान मुलांच्या किडीचं बऱ्यापैकी जमतं. हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट) भरते. ड्रिल लागत नाही, बहुतेकदा भूलही नाही. तेही शक्य नसेल तिथे ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (किडीवर लावायचं द्रव औषध). कीड थांबते, पण ती जागा काळी पडते, हे पालकांना आधीच सांगावं लागतं. (दोन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सामानाची मागणी करताना हे जरूर दाखवा.)

खरी अडचण मोठ्यांची. नस मेलेली, पण रूट कॅनॉल केलं तर वाचेल अशी दाढ. रुग्ण लांबून येतो, काम बुडवून पुन्हा येईलच असं नाही, आणि अर्धवट सोडलेल्या दाढेत परत पू होतो. एकाच बैठकीत संपवायचं म्हटलं तर मध्येच वीज जाते. शेवटी तरुण माणसाची चांगली दाढ काढावी लागते, याचं फार वाईट वाटतं.

कंप्रेसरशिवाय (ड्रिलला दाबाची हवा पुरवणारं यंत्र), मुळाची नळी साफ करायच्या हाताच्या फाइल वापरून एका बैठकीत दाढेचं रूट कॅनॉल नेहमी करणारं कोणी आहे का? एक्स-रे नसताना बॅटरीवरच्या एपेक्स लोकेटरवर (मुळाची लांबी मोजणारं यंत्र) किती विसंबता?

आणि ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र): १२१ अंशांवरची १५ मिनिटं पूर्ण होण्याआधी वीज गेली की सगळी फेरी पहिल्यापासून करावी लागते. गॅसवर चालणारा कोणी वापरलाय का?