आराखडा निदान तारखांचा तरी

कादंबरीचा आराखडा आधी आखला की पात्रांच्या बाहुल्या होतात, हे काही लिहिणाऱ्यांचं म्हणणं घटनांपुरतं पटतं. पण साल आणि नकाशा तरी आधी मांडून ठेवावाच. ठाण्यातली एक मैत्रीण सगळं ऊर्मीवर लिहिते. तिची १९९८ मधली नायिका रोज ठाण्याहून थेट लोकलने वाशीला कामाला जायची. आता ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ मध्ये! त्याआधी कुर्ल्याला उतरून हार्बर मार्गाची लोकल पकडा, नाहीतर बसने जा. (हे ठाणेकर वाचक लगेच पकडतात, सोडत नाहीत.)

मग नायिकेला कुर्ल्याला उतरवणं आलं. तिथे पुलावरच्या रेटारेटीत तिला एक जुना शेजारी भेटला, जो मैत्रिणीच्या डोक्यात आधी कुठेच नव्हता. आता अर्धी कादंबरी त्यानेच खाल्लीये.