बाळाची बाटली, वाटी, चमचा: तुम्ही काय निवडलंत?

माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत. ती रोज बाटल्यांचे फोटो पाठवते आणि प्रत्येकीवर 'बीपीए-फ्री' असतंच. बीपीए म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं कडक प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन. खरं तर प्लास्टिकच्या बाटल्यांच्या भारतीय मानकात (आयएस १४६२५) पॉलिकार्बोनेटला जागाच नाही. त्यामुळे मी तिला आधी आयएसआयची खूण बघायला सांगते. पण रोजच्या वापरातलं ज्ञान खुणेत मावत नाही. बाळाच्या तोंडाला कोणतं भांडं लावलंत आणि का, ते सविस्तर लिहा. वरचं दूध द्यावं लागलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, इथे कुणी बोल लावणार नाही.

पुण्याची आजी
मी सत्तरी ओलांडली आहे. आमच्या वाड्यात एक गुटगुटीत बाळ पोट फुगून, कावीळ होऊन गेलं. 'लिव्हर झालं' एवढंच सगळे म्हणायचे. अशी बाळं तेव्हा घरोघर ऐकू यायची. पुढे आमच्याच पुण्यात, केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासोबत याचा माग काढला. १९८३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं दूध तांबं ओढून घेतं. ते बाळाच्या कोवळ्या यकृतात साठत जातं. आईच्या दुधावरची बाळं यातून बहुतेक वाचायची. घरात स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आता नातसुना हौसेने तांब्या-पितळेची भांडी घेतात. मोठ्यांच्या जेवणाला कल्हई करून खुशाल वापरा. बाळाचं दूध मात्र त्यात तापवूही नका आणि ठेवूही नका. जुनं ते सगळंच बाळाला चालतं असं नाही, आणि हे मी जुन्या पिढीतली बाई सांगते आहे.

मुंबई, पाळणाघर आणि लोकल
माझी रजा संपली तेव्हा काचेची बाटली घेतली. जड आहे, पण ओरखडे पडत नाहीत आणि वास धरत नाही. पाळणाघरातल्या मावशींना फुटण्याची भीती वाटायची, म्हणून वरून सिलिकॉनचं कव्हर चढवलं. निपल चिकट लागलं किंवा ताणून बघताना चीर दिसली की लगेच बदलते. एक सांगते, बाळाच्या बाटल्यांची आणि पावडरच्या दुधाची जाहिरात आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंद आहे. मोबाईलवर कुणी गोड बोलून बाटली विकत असेल तर तिथेच सावध व्हा.

डब्लिनचा बाबा
आमचं बाळ इथेच जन्मलं. इथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बाटल्यांतून प्लास्टिकचे सूक्ष्म कण दुधात उतरतात, काही बाटल्यांत लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. त्यांनी बाळाच्या तब्येतीवरचा परिणाम तपासलेला नव्हता, म्हणून घाबरून जाऊ नका. पण त्यांनी सुचवलेली रीत सोपी आहे: दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवायचं, निवल्यावर बाटलीत ओतायचं, बाटली जोरात हलवायची नाही आणि बाटलीतच पुन्हा गरम करायचं नाही. आम्ही असंच केलं.

नाशिकची परिचारिका
मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ओढायची ताकद नसते. त्याला आईचं काढलेलं दूध आम्ही वाटी-चमच्याने पाजतो. घरीसुद्धा माझी पसंती गुळगुळीत स्टीलच्या वाटीलाच आहे. ती सगळीकडून घासता येते, उकळता येते. बाटलीच्या आट्यांत आणि निपलच्या छिद्रात दूध अडकतं, जुलाब तिथूनच सुरू होतात. आजोळचं चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) काढणार असाल तर आधी त्याची चोच आतून घासली जाते का ते पाहा. जात नसेल तर ते बारशाच्या फोटोपुरतंच ठेवा.

दुधाची पावडर निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश गरम पाण्यात कालवायला सांगते. हे कालवणं स्टीलमध्ये केलंत की डब्लिनच्या दादांची काळजीही मिटते. मग ते कोमट करून, बाळ पुरतं जागं असताना, डोकं उचलून धरून पाजा. चमचा ओठाच्या कडेला टेकवा, दूध घशात ओतू नका. एक घोट गिळू द्या, मगच पुढचा.